फ्रान्सचे नाव नसलेला पासपोर्ट

मित्रांनो, मुदत संपून गेलेला एक जुना पासपोर्ट आज तुमच्याशी बोलतो आहे. श्टुटगार्टमधल्या एका टेबलाच्या खणात मी पडून असतो. माझ्या आत वसुधाबाईंचा फोटो आहे.

१९६० साली मुंबईच्या कचेरीत माझा जन्म झाला. वसुधाबाई सांगलीच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. त्यांचे यजमान श्रीरंगराव जर्मनीत डॉक्टरेट करत होते, म्हणून बाईंनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी शाळेतल्या मुलींनी मला हातोहात फिरवले. त्या काळी कोणकोणत्या देशांत जाता येईल, त्यांची यादी पासपोर्टात लिहीत. माझ्यात इटली, स्वित्झर्लंड आणि पश्चिम जर्मनी एवढीच नावे होती. बोटीने इटली गाठून पुढे आगगाडीने यायला ती पुरली.

श्टुटगार्टला एका खोलीचे बिऱ्हाड होते. श्रीरंगराव दिवसभर प्रयोगशाळेत असत. बाई शब्दकोश उघडून एकट्याच जर्मन शिकत. पुढच्या वसंतात श्रीरंगरावांच्या प्रोफेसरांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांसाठी एका दिवसाची सहकुटुंब सहल ठरवली. फ्रान्सच्या हद्दीतला, डोंगरावरचा तांबड्या दगडांचा एक जुना किल्ला पाहायचा होता. बाईंनी वाचनालयातून त्याची पुस्तिका आणून अक्षर न् अक्षर वाचली. तो किल्ला आणि आपला पन्हाळा यांवर शाळेतल्या मुलींना मोठे पत्र लिहायचे त्यांनी ठरवले. जर्मनीत आल्यापासून त्या इतक्या आनंदात कधी दिसल्या नव्हत्या.

श्रीरंगरावांच्या पासपोर्टात फ्रान्सचे नाव आधीपासून होते. माझ्यात ते लिहून घ्यायला मला बॉनच्या भारतीय वकिलातीत पाठवायला हवे होते. बाईंनी तीनदा आठवण करून दिली. "मी बघतो," असे ते तीनदा म्हणाले. मी खणातच राहिलो.

सहलीच्या सकाळी ऱ्हाईनचा पूल ओलांडून बस थांबली. फ्रेंच शिपायाने माझी यादी वाचली आणि मान हलवली. बाईंना परत जावे लागणार होते. प्रोफेसरांच्या पत्नीने श्रीरंगरावांना सुचवले, की तुम्हीही सोबत थांबा. त्याची काही गरज नाही, असे त्यांनी हसून सांगितले. मग ते हळू आवाजात मराठीत म्हणाले, "तू उतर. संध्याकाळी बस याच वाटेने येईल. प्रोफेसरांसमोर तमाशा नको."

"अहो, मी एकटी थांबू?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

बस निघून गेली. मला घट्ट धरून बाई पुलावरून चालत परत आल्या. जर्मन चौकीतल्या वयस्कर अधिकाऱ्याने त्यांना बाक दाखवला. त्या बाकावर त्या सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बसल्या. रडल्या नाहीत. त्या दिवसाचा एकही शिक्का माझ्यावर नाही. जिथे प्रवेशच मिळाला नाही, तिथला शिक्का कोण मारणार?

बस आली. किल्ल्याचा चढ फार होता, तुला झेपला नसता, असे श्रीरंगरावांनी सांगितले.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी स्वतः अर्ज लिहिला आणि मला टपालाने बॉनला पाठवले. तीन आठवड्यांनी मी फ्रान्सचे नाव घेऊन परतलो. मला फार अभिमान वाटत होता. बाईंनी ते पान उघडून नवऱ्यापुढे ठेवले आणि येत्या रविवारी दोघे जाऊ या, असे सुचवले.

श्रीरंगरावांनी लिहिता लिहिता एकदा पाहिले. "आता कशाला? मी बघून आलोय."

बाईंनी मला मिटले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. चार वर्षांनी, माझी मुदत संपली तेव्हा, त्यांनी नवा पासपोर्ट काढला आणि त्या एकट्याच सांगलीला गेल्या. जुन्या शाळेने त्यांना परत घेतले. मी इथे चुकून राहिलो नाही. निघताना त्यांनी मला हातात घेतले, आपला फोटो पाहिला आणि मला खणात ठेवून खण लावला.

हल्ली नवे मराठी विद्यार्थी या घरी येतात. श्रीरंगराव त्यांना कॉफी करून देतात. कुणीतरी वहिनींबद्दल विचारते. मग ते म्हणतात, "तिला इथली हवा मानवली नाही."

खणातून मी हे ऐकतो. हवेचा काही दोष नव्हता, मित्रांनो. ज्याला सोबत घेऊन निघालात, त्याला वाटेत उतरवून पुढे जाऊ नका. परत याल तेव्हा ते माणूस तिथेच थांबलेले दिसेल, तुमच्याबरोबर घरीही येईल. पण ते तुमचे राहिलेले नसेल.