कोऱ्या तावावरची चिसे

मी सेल्युलॉइडचा एक जुना, कोरा ताव आहे. कोरा, असं तोक्योच्या संग्रहालयातली माझ्याखालची पाटी म्हणते. मित्रांनो, पाटीवर फार विश्वास ठेवू नका.

कापूस आणि कापूर यांपासून मी झालो. काचेसारखा पारदर्शक, पण वाकणारा. युद्ध हरून चार-पाच वर्षं झाली होती. तांदूळ मिळायची मारामार, तिथे माझ्यासारखे ताव कुठून येणार? म्हणून आमच्या कार्टूनपटांच्या स्टुडिओत रीतच होती: तावावर चित्र रंगवायचं, कॅमेऱ्याने टिपायचं, मग सोड्याच्या कोमट पाण्यात ताव धुऊन त्यावर नवं चित्र. मी अस्वलाचा पंजा झालो, बेडकाची छत्री झालो. दर वेळी पुसला गेलो. वाईट वाटत नसे. आम्ही शंभर ताव मिळून बेडकाला चार पावलं चालवायचो आणि पडद्यासमोरची पोरं भूक विसरून हसायची.

मला धुणारी हिसानो एकोणीस वर्षांची. बॉम्बच्या आगीत तिची सहा वर्षांची बहीण चिसे गेली, आणि घरातले सगळे फोटोही.

"मास्तर, तिचा चेहरा पुसट होत चाललाय हो," ती एकदा म्हाताऱ्या कामोशिदा मास्तरांना म्हणाली. मास्तर कागदाची कात्रणं हलवून चित्रपट करायच्या काळातले.

"गाल सांग."

"भाताच्या गोळ्यासारखे."

"नाक?"

"नव्हतंच म्हणा ना! मी चिडवायची, तुझं नाक मांजरीने नेलं."

मास्तरांनी कागदावर चारदा काढून खोडलं. पाचव्यांदा हिसानो रडायलाच लागली. तो चेहरा नव्या चित्रपटातल्या पतंगवाल्या मुलीला मिळाला. बाकीच्या तावांवर ती पाठमोरी धावत होती. माझ्यावर तेवढी वळून बघत होती.

चित्रण संपलं. मास्तरांचा कागद शेगडीत गेला, ताव हिसानोच्या टबापाशी आले.

"ओकुदाबाई, हा एकच ठेवू?"

"एक तुझा, एक माझ्या मेलेल्या नवऱ्याचा. मग उद्याचे ढग काय माझ्या कपाळावर रंगवायचे?" रंगखात्याच्या बाई पाठ वळवून हळूच म्हणाल्या, "अगं, फिल्ममध्ये आहे ना ती."

हिसानोने आधी पतंगाची दोरी पुसली, मग केस. गाल अगदी शेवटी.

पुढे गोदामाला आग लागली आणि ती फिल्मही जळाली.

आता जपानची हलती चित्रं जगभर बघतात. परदेशी मुलंही इथे रांग लावतात, पण रंगीत तावांसमोर. माझ्यापाशी एकदाच एक म्हातारी थांबली. दिवा तिरपा पडतो त्या बाजूला काठी टेकत सरकली, वाकली. शाई धुतली जाते, टाकाचा ओरखडा राहतो.

"नाक अजूनही नाहीच गं तुला," ती म्हणाली.

त्यानंतर ती आली नाही. आता मला ओळखणारं कोणी उरलेलं नाही.

मित्रांनो, काहीही पुसायला घ्याल तेव्हा आधी एकदा तिरप्या उजेडात धरून बघा. कोणीतरी वळून बघत असेल.