वाट पाहायची खुर्ची

मी कामाला असतो त्या दुकानात फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं आणि गेम सेंटर उघडायच्या आधीच जिन्यात जाऊन उभा राहिलो.  त्या दिवशी माझं गाणं मशीनवर येणार होतं.

जपानातल्या आमच्या ताकामात्सू शहराच्या बाजारात, उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते मशीन आहे. गाणं लागतं, पडद्यावरून ठिपके घसरत येतात आणि ठिपका रेघेला टेकला की त्याच क्षणी बटण मारायचं. चुका वाढल्या की पडदा बंद, गाणं तिथेच तुटतं. मशीनच्या कंपनीने नवख्या लोकांकडून गाणी मागवली होती, त्यात माझं 'कोरडी भरती' निवडलं गेलं. गाणारा आवाज संगणकातल्या बाईचा. एकेक अक्षर, त्याची उंची, त्याचा कंप, सगळं मी माझ्या खोलीत बसून घडवलेलं. हिवाळाभर माझी ताई, मिसाओ, पलीकडून भिंतीवर थापा मारून ओरडायची, "अरे नोबु, त्या बयेला एकदाची झोपव!"

नेटवर टाकलं तेव्हा ते ऐकलं कोणी, तर ताईने आणि ताईच्या मैत्रिणींनी. सगळ्या ओळखीच्या. माझं त्याने समाधान होईना. एखाद्या परक्या माणसाने, कुणी न सांगता, आपल्या खिशातलं नाणं टाकून माझं गाणं निवडावं, एवढंच मला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस किती वेडापिसा होतो ते त्या दिवशी कळलं.

दार उघडल्याबरोबर एक गृहस्थ मला मागे टाकून तरातरा मशीनपाशी गेला. चाळिशीचा, ऑफिसचे कपडे, टाय शर्टाच्या आत खोचलेला, पांढरे सुती हातमोजे. पक्का खेळाडू! मला बरंच वाटलं. मागे भिंतीला लागून वाट पाहणाऱ्यांसाठी खुर्ची असते, तिच्यावर मी बसलो. तिथून पडदा स्वच्छ दिसतो.

एका नाण्यात तीन गाणी मिळतात. नव्या गाण्यांमध्ये माझं सगळ्यात खाली. त्याने पहिलं घेतलं, नावाजलेल्या मंडळींचं. घेऊ दे. मग दुसरं घेतलं. तिसऱ्या खेपेला त्याचं बोट खाली खाली सरकू लागलं, मी खुर्चीच्या कडेला सरकलो, आणि मेला परत वर जाऊन पहिल्यावरच टेकला. आधी एक ठिपका हुकला होता, तो सलत असणार. एक ठिपका!

खेळ संपला. त्याने दुसरं नाणं काढलं, मागे वळून पाहिलं, मी दिसलो. नाणं परत खिशात गेलं.

"घ्या, तुमचा नंबर," तो मान लववून म्हणाला.

"नाही नाही, तुम्हीच खेळा ना."

"छे छे, असं कसं?"

न उठावं तर विचित्र दिसलं असतं. उठलो, नाणं टाकलं आणि माझंच गाणं निवडलं. निदान त्याच्या कानावर तरी पडेल! पण गाणं बांधणं वेगळं आणि ते बटणांवर मारणं वेगळं. दुसऱ्या कडव्यातच पडदा बंद झाला. मागे तो गृहस्थ सभ्यपणे आपल्या बुटांकडे बघत होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग तो, मग मी, मग तो, मग मी. दर वेळी त्याचा खेळ संपला की तो मागे बघायचा, मी दिसायचो, तो जागा सोडायचा. मधे कॉलेजातली एक मुलगी आली, तिने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि दुसऱ्या मशीनकडे वळली. मला खुर्चीत चैन पडेना. कुणी निवडतच नाही! मला कंपनीचा राग आला, गाणी खालीवर लावणाऱ्याचा राग आला, आणि त्या टायचा तर इतका की तो धरून ओढावासा वाटला.

जेवणाच्या सुटीत ताई आली. ती बंदरावर बोटीच्या तिकीट खिडकीवर असते, गणवेशातच आली होती.

"काय रे, पोट काय म्हणतंय?"

"कुणी घेत नाही गं," मी कुजबुजलो. "सकाळपासून इथून हललो नाही. माझं यादीत सगळ्यात खाली, एकानेही नाही घेतलं."

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग त्या गृहस्थाकडे. तेवढ्यात त्याचा खेळ संपला आणि तो वळला. "घ्या."

"हा नाही खेळत हो, नुसता टेकलाय," ताई हसून म्हणाली. "तुम्ही चालू द्या." आणि माझी कॉलर धरून तिने मला पार दुसऱ्या टोकाला, खेळणी उचलायच्या यंत्रांपाशी नेलं.

"अरे बावळटा, ती खुर्ची कशाची?"

"बसायची."

"रांगेची! मागे माणूस बसलेला असताना दुसरं नाणं टाकशील तू?"

 मी जन्मात टाकलं नसतं. आमच्याकडे कुणीच टाकत नाही.

"तो बिचारा वरून एकेक करत खाली यायला बघतोय, आणि तुझ्यापर्यंत पोचायच्या आत तूच त्याला हुसकावतोस. सकाळपासून!"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. माझ्या गाण्याच्या आड सकाळभर मीच ठाण मांडून बसलो होतो.

"मग मी लांबून बघतो."

"लांबून म्हणजे मान उंच करून उभा राहशील, आणि तो पुन्हा जागा देईल. इथेच थांब."

ताई एका कापडी सील माशाच्या मागे लागली. पंजा खाली जायचा, मासा उचलायचा आणि सोडून द्यायचा.

"घिरट्या घालू नकोस, पंजा हलतो."

"माझ्या घिरट्यांनी पंजा कसा हलेल?"

"माझा हात हलतो!"

आणि तेव्हा ऐकू आलं. 'कोरडी भरती' वाद्यांशिवाय सुरू होतं, नुसता आवाज, एक लांबलचक 'आ', शेवटाला किंचित थरथरणारा. नाण्यांच्या, घंट्यांच्या, पोरांच्या गोंगाटातून तो सरळ माझ्यापर्यंत आला. मी ताईचा दंड आवळला. मासा पुन्हा पडला.

"निवडलं! ताई, त्याने निवडलं!"

"ऐकतेय मी. ओरडू नकोस."

पण दुसऱ्या कडव्यात आवाज तुटला. पक्क्या खेळाडूलाही जमलं नव्हतं. झालं, मी मनात म्हटलं. आता म्हणेल, काय भिकार गाणं आहे, आणि जाईल परत त्या मोठ्या लोकांकडे. ताईने पुढचं नाणंही टाकलं नाही, म्हणजे तिलाही तसंच वाटत असणार.

मग पुन्हा तोच 'आ' लागला. पहिल्यापासून.

ताईने माझी पाठ ढकलली. तिचे डोळे भरले होते. "जा, बघून ये. जा ना रे!"

मी दोन पावलं टाकली आणि थांबलो.

"नको," मी म्हटलं. "मला पाहिलं की तो जागा सोडेल."