मार्थाबाईची डबल बेल

मार्था तायडेचा आवाज मोठा होता, यात तिचा काय दोष? बाई एस.टी.त कंडक्टर होती. अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून अकोला, सगळी नोकरी याच रस्त्यावर गेली. भरल्या गाडीत मागच्या सीटवर घोरणाऱ्या माणसाला मूर्तिजापूर आलं हे काय कानात कुजबुजून सांगायचं? "चला, मूर्तिजापूरवाले! ओ दादा, तुमीच, टोपीवाले! उठा!" असा पुकारा झाला की टोपीवाला तर उठायचाच, पण बडनेऱ्याला उतरणारा त्याचा शेजारीही खडबडून पिशवी शोधायला लागायचा.

गाडी चालवायला बहुतेक वेळा खुशालराव असायचा. तोही तिच्याच मंडळीतला, रविवारी चर्चमध्ये दोन बाकं पुढे बसणारा. तिनं दोरी ओढून एकदा घंटी वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं. डबल बेल ऐकली की त्यानं कधी मागं वळून पाहिलं नाही. बाई म्हणते निघा, म्हणजे निघायचं.

मग दोघंही रिटायर झाले, आणि मार्थाबाईचा मोठा आवाज एकदम सगळ्यांना खुपायला लागला. घरी तिनं भाजीवाल्याला हाक मारली की सून वर्षाली ओठांवर बोट ठेवायची, "आई, बाळ आत्ताच झोपलं वो." पोरगी वाईट नव्हती, दमलेली होती. पण दिवसातून किती वेळा गप्प बसायचं माणसानं? घराला नको, डेपोला नको. उरलं चर्च.

तर शुभ शुक्रवारी, गुड फ्रायडेला, तिथंही तेच झालं. भर दुपारची तीन तासांची उपासना, पंखे गरम हवा फेकताहेत, आणि मार्थाबाई डोळे मिटून गातेय, अगदी जीव ओतून. तेवढ्यात गायकवृंदाची प्रियदर्शनी मागं वळली. "मावशी, जरा हळू घ्या ना. तुमच्यापुढं आमचा सूरच ऐकू येऊन नाई राहिला."

पोरं फिदीफिदी हसली. मार्थाबाईनं गीतांचं पुस्तक मिटलं आणि पुढची सगळी गाणी ओठ घट्ट धरून ऐकली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता तिनं देवालाच धारेवर धरलं. "काय वो देवा, तुले बी माया आवाज नकोसा झाला काय? नवरा नेला, सोसलं. नोकरी संपली, थे बी सोसलं. आता मले अथी कावून ठेवलं, थे सांग. काही काम असंन तं रविवारपर्यंत सांगून टाक. नाई तं मी तोंड शिवून बसते. मंग नको म्हनू, मार्था गात कावून नाई!"

ती रुसली होती असं कोणाला वाटेल. रुसवा कसला, भेदरली होती बाई. ज्या देवावर आयुष्यभर भार टाकला त्यालाही आपला काही उपयोग नसला तर सकाळी उठायचं तरी कशाला, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला होता.

शनिवारी सगळी मंडळी कब्रस्तानात. ईस्टरच्या, म्हणजे येशू कबरीतून उठला त्या रविवारच्या, आदल्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, चुना मारायचा, झेंडू वाहायचा. रविवारी पहाटे अंधारातच यायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या कबरीपाशी मेणबत्ती घेऊन उभं राहायचं. ऊन फुटलं की चर्चचे पाळकसाहेब फाटकापाशी उभे राहून पुकारतात, "प्रभू उठला आहे!" आणि सगळ्या कबरींपासून उत्तर येतं, "खरोखर उठला आहे!" इथल्या माणसांना वर्षभराचं बळ त्या एका उत्तरात मिळतं.

मार्थाबाईच्या नवऱ्याची कबर फाटकाला लागूनच होती. वर्षालीनं चुना कालवला, तिनं ब्रश चालवला. पार टोकाला, निंबाखाली, खुशालराव आपल्या शांताबाईच्या कबरीवरचा पाला वेचत होता. त्याचे कान कधीचेच जवळजवळ गेले होते. मुलानं आणलेलं यंत्र शिट्ट्या मारायचं म्हणून त्यानं ते कपाटात टाकलं होतं. त्यामुळं दरवर्षी पुकारा व्हायचा, उत्तर व्हायचं, माणसं निघायची, आणि हा बाहेर येऊन कोणाची तरी बाही धरून विचारायचा, "झालं काय? उठला काय?" पोट्टे हसायचे. "उठला ना आबा, कवाचाच!" मग तो मुकाट मेणबत्ती विझवायचा.

जाता जाता तो मार्थाबाईपाशी थांबला. "बाई, एक सांगू? मले एकदा सगळ्यांसंग म्हनायचं हाये. शांतापाशी उभं राहून, माया कानानं ऐकून. कोनी कोपर मारून सांगितलेलं नाई पायजे." एवढं बोलून तो निघूनही गेला. मार्थाबाईच्या हातातला ब्रश तसाच राहिला आणि चुना टपटप तिच्या चपलेवर पडत राहिला.

रविवारची पहाट झाली. सगळीकडं मेणबत्त्या, हवेत थोडा गारवा, आणि पूर्वेला तांबडं फुटतंय. अन् नेमका माइक मेला! प्रियदर्शनी वायरी ओढतेय, कोणी बॅटरीवर थापा मारतंय, पण छे. बरं, पाळकसाहेबांचा घसा शुक्रवारीच बसलेला. त्यांनी बिचाऱ्यांनी पुकारलं, पण तो आवाज तिसऱ्या ओळीच्या पुढं गेला नाही. पुढच्या चौघांनी उत्तर दिलं, मागचे एकमेकांकडं बघायला लागले. झालं का? व्हायचं आहे? तोवर निंबाच्या शेंड्यावर ऊन आलं सुद्धा.

मार्थाबाईनं टोकाकडं पाहिलं. खुशालराव कबरीकडं तोंड करून, मान खाली घालून उभा होता. यंदाही त्याला बाही धरून विचारावं लागणार होतं.

तिचा हात आपोआप वर गेला, दोरी शोधायला. दोरी कुठली! "आपुन कोन पुकारनारे?" असं तिच्या मनात आलं आणि लगेच दुसरं आलं. त्या पहिल्या पहाटे येशूच्या रिकाम्या कबरीपाशी आधी कोण पोचलं होतं? बायाच ना? आणि जा, तो उठला म्हणून सांगा, असा निरोप कोणाच्या तोंडी दिला होता? मग आता कोणाची परवानगी पाहिजे?

तिनं खालचा धोंडा उचलला आणि लोखंडी फाटकावर हाणला. टण्ण! टण्ण!

डबल बेल!

टोकाला खुशालरावाची पाठ ताठ झाली. डावा पाय जमिनीवर दाबला गेला, डावा हात गिअरकडं गेला. आणि जन्मात पहिल्यांदा, डबल बेल ऐकून तो मागं वळला.

तो वळला तशी मार्थाबाईनं छाती भरून श्वास घेतला आणि सगळा रस्ता, सगळे थांबे, सगळी वर्षं त्या आवाजात ओतली. "प्रभूऽऽ उठला आहे! चला, उठाऽऽ!"

निंबावरचे पोपट भर्रकन उडाले. ते शेवटचं "चला, उठा" उपासनेत कुठंच नाही, सवयीनं निघून गेलं. पण हसायला कोणाला सवड नव्हती, कारण सगळ्यांच्या आधी त्या टोकाकडून चिरकलेला, आनंदानं फाटलेला आवाज आला, "खरोखर उठला आहे!"

आणि मग अख्खं कब्रस्तान गरजलं. पुन्हा पुकारा, पुन्हा उत्तर. मार्थाबाई थांबेना आणि माणसंही थांबेनात. रडणारे रडत होते, हसणारे हसत होते, नवऱ्याच्या कबरीवरची तिची मेणबत्ती वितळून गेली तरी तिला पत्ता नव्हता.

पाळकसाहेब जवळ आले. घसा बसलेला, म्हणून कुजबुजले, "मार्थाबाई, आपले कितीतरी म्हातारे रविवारी नुसते बसून जातात, अक्षर ऐकू येत नाई त्यांना. शास्त्रवाचन येत्या रविवारपासून तुमी करा."

"करते ना! पन माइक नाई पायजे मले," मार्थाबाई म्हणाली, आणि प्रियदर्शनी वायर गुंडाळता गुंडाळता पुढं येऊन तिच्या गळ्यातच पडली. "मावशी, शुक्रवारी मी लय बोलली वो." "बोलली तं बोलली. चाल, आता गा मायासंग. मोठ्यानं!"

तेवढ्यात फाटकातून खुशालराव बाहेर पडला. त्यानं यंदा कोणाची बाही धरली नाही. काही विचारलं नाही. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापाशी गेला, मग पेपरवाल्यापाशी, मग दूधवाल्याची सायकल अडवून उभा राहिला, आणि दिसेल त्याला सांगत सुटला, "उठला! मी माया कानानं ऐकलं, उठला!"

मार्थाबाई गात गातच घरी आली. ती दारात पोचते तोच आत बाळ दचकून जागं झालं आणि वर्षालीचं बोट सवयीनं ओठांवर गेलं.

"उठू दे वो पोरी," मार्थाबाईनं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. "आज कायचं झोपनं?" आणि तिनं गाण्याचं पुढचं कडवं आणखी मोठ्यानं धरलं.