दादाच्या भुवया

धाकट्याची देवावर अपार श्रद्धा, आणि थोरला दादा पक्का नास्तिक. दादाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. जे उघडून बघता येत नाही, ते तो मानत नसे. त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया महिन्यावर आली तेव्हा धाकट्याचा जीव टांगणीला लागला. दादाने निदान एकदा हात जोडून आत जावं, एवढीच त्याची इच्छा. उपदेशाचा उपयोग नव्हता; दादाने भल्याभल्यांना पिटाळून लावलं होतं. म्हणून धाकट्याने खास दादासाठी कादंबरी लिहायला घेतली.

धाकटा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेलेली, तेव्हा वाचक कुठे अडखळतो हे आपल्याला बरोबर कळतं, अशी त्याची समजूत. रोज संध्याकाळी तो दादाला एक प्रकरण वाचून दाखवायचा आणि एक डोळा दादाच्या भुवयांवर ठेवायचा. देवाचं नाव आलं की भुवई वर. मग घरी जाऊन ते वाक्य लाल शाईने बाद. वाचक बिचकला की संपलंच सगळं! आधी देव गेला, मग प्रार्थना गेली, शेवटी नायकाची म्हातारी आत्याही गेली, कारण ती उगाच वर बघून उसासे टाकायची.

"अहो, आता यात देव उरला कुठे?" बायकोने विचारलं.

"ओळींच्या मधे आहे," तो ठसक्यात म्हणाला. "दादाला आडून सांगितलेलंच पचतं."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दादाने शेवटचं प्रकरण ऐकलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने धाकट्याचा हात घट्ट धरला. धाकट्याला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

"तुला म्हणून सांगतो," दादा म्हणाला, "तारीख ठरल्यापासून माझा धीर सुटला होता. रोज गुपचूप प्रार्थना करायला लागलो होतो रे! तुझ्या वहिनीलाही पत्ता नाही. पण तुझा नायक बघ, कुणापुढे हात न जोडता एवढ्यातून निभावला. लाज वाटली मला. परवापासून सगळं बंद केलं."

धाकटा मांडीवरचे कागद गोळा करायला लागला.

"उद्या आत नेईपर्यंत हेच वाच माझ्याजवळ बसून," दादा म्हणाला.

धाकट्याला रडू कोसळलं. मग दादाच त्याच्या पाठीवरून हात फिरवत समजूत घालू लागला, की कौतुकाने एवढं हळवं होऊ नये माणसाने.