राखीव खेळाडूंचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. कॉलेजच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला माझा मुक्काम असे. रंगमंचाच्या मोडक्या फळ्या जोडून कॉलेजच्या सुताराने मला घडवले. ठोकून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर बसला, त्याने दोनदा उड्या मारून पाहिल्या आणि तो म्हणाला, "हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही." त्याचे बोलणे खरे ठरले. आयुष्यभर मी हूं की चूं केले नाही. करताच आले नाही.

माझ्यावर राखीव खेळाडू बसत. कितीतरी वर्षे आमचा संघ हरतच होता. तेव्हा सगळ्यांनाच खेळायला मिळे, कारण कोणालाही घेतले तरी निकाल तोच! मग ते एक वर्ष उजाडले. आमचा संघ पहिला सामना जिंकला, दुसरा जिंकला, आणि पुढे जिंकतच सुटला. ज्या मैदानाकडे कुत्रेही फिरकत नव्हते, तिथे बसायला जागा मिळेना.

त्या वर्षी माझ्या टोकाला लंबू बसायचा. तो राखीव गोलकीपर. कॉलेजातले त्याचे ते शेवटचे वर्ष होते. त्याचे वडील शिंपी होते. संघाचा शर्ट त्याला आखूड झाला, तेव्हा त्यांनीच बाह्यांना पट्टी जोडून दिली होती. पण त्या शर्टाला चिखल काही लागत नव्हता. गोलात उभा असायचा त्याचा जिवलग मित्र. त्याला सगळे भिंत म्हणत, कारण चेंडू त्याला ओलांडून जातच नसे.

"जिंकणाऱ्या संघाची घडी मोडायची नसते," असे संघाचे प्रशिक्षक असलेले सर म्हणायचे. लंबू मान डोलवायचा. पण चेंडू आमच्या गोलाकडे आला की त्याची बोटे माझी कड घट्ट आवळत. भिंतीने चेंडू अडवला की तो सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवी, आणि मग बराच वेळ खाली मान घालून बसे. त्याला काय होत होते ते मला कळत होते. कळून उपयोग काय?

उपान्त्य सामन्यात मध्यंतराला भिंत माझ्यावर येऊन बसला. त्याचे बोट सुजून टम्म झाले होते. सरांनी ते पाहिले आणि ते लंबूकडे वळले.

"तुला काय वाटतं? खेळू शकेल हा?"

लंबूने "नाही" एवढेच म्हणायचे होते. कोणी त्याला नावे ठेवली नसती. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो, आणि बाकाला मूठही नसते! लंबूने मित्राचे बोट हलकेच वाकवून पाहिले.

"मोडलेलं नाही सर. पट्टी बांधली की होईल."

त्यानेच पट्टी बांधली. भिंत कण्हत म्हणाला, "लेका, हळू!" लंबू म्हणाला, "गप बस. सैल बांधली तर तुलाच जड जाईल." तो सामनाही आम्ही जिंकलो.

अंतिम सामन्याला लंबूचे वडील दुकान बंद ठेवून आले. गळ्यातली मापाची टेप काढायचेही विसरले होते. आमचे तीन गोल झाले, समोरच्यांचा एकही नाही. सामना संपत आला, तेव्हा सर म्हणाले, "लंबू, तयार हो. शेवटची काही मिनिटं तुझी."

लंबू ताडकन उठला. हातमोजे चढवून तो रेषेपाशी उभा राहिला. चेंडू बाहेर जायचा अवकाश, की पंच त्याला आत घेणार. पण चेंडू बाहेर जाईना. तो आमच्या गोलात गेला. पंच लंबूकडे वळले, पण सरांनी त्यांना थांबायची खूण केली; पाठोपाठ दुसरा गोलही झाला. सरांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी लंबूच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस जरा, बाळा. आता धोका नको."

लंबू परत येऊन बसला. इतका सावकाश बसला, की मला त्याचे वजनही जाणवले नाही. मला त्याला पुन्हा उभे करायचे होते. सरांना हाक मारायची होती. पण लाकडाची हाक कोण ऐकणार? शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो! सगळा बाक रिकामा झाला. सगळ्यात शेवटी लंबू धावला, आणि भिंतीला त्यानेच खांद्यावर घेतले.

गर्दी पांगल्यावर बापलेक माझ्यावर येऊन बसले.

"बाबा, उगाच दुकान बंद ठेवलंत."

"दुकान रोजचंच आहे रे. तू उभा राहिलास ना, तेव्हा शेजारच्या माणसाला म्हटलं, तो बघा, माझा मुलगा."

"मग?"

"मग काय? तो म्हणाला, चांगला उंच आहे."

लंबूला हसू आले. हसता हसता त्याने तोंड फिरवले. वडिलांनी त्याच्या बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळून तोडला.

त्या विजयामुळे मैदानाला नव्या गाद्यांच्या खुर्च्या मिळाल्या, वर छप्परही आले. मला पाण्याच्या टाकीमागे ढकलण्यात आले. आता माझे खिळे गंजले आहेत, एका पायाला वाळवी लागली आहे. कोणी रंगाचा एक हात मारला, तर अजून काही वर्षे मी वजन पेलीन. तेवढी काळजी घ्याल ना?

आणखी एक मागणे आहे. मित्रांनो, जिंकणाऱ्यांसाठी टाळ्या जरूर वाजवा. पण कोणी तयार होऊन उभा राहिला आणि त्याला पुन्हा खाली बसावे लागले, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही बोलायला सुचले नाही तरी चालेल. मलाही तेवढेच जमत होते.