भिंतीला टेकून पन्नास वेळा

गेथिनने सायकल भिंतीला समांतर धरली आणि एम्लिनचा खांदा भिंतीवरच्या काळपट डागाला नीट टेकेल अशी ती दोन बोटं मागे सरकवली. एकोणीस वर्षांत या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी त्या डागावर खांदे घासले होते. गेथिनच्या सायकलच्या दुकानाचा नियमच होता तो. ज्याला बूट अडकवून धरणारं खटक्याचं पेडल हवं, त्याने आधी भिंतीला टेकून पन्नास वेळा पाय अडकवायचा आणि पन्नास वेळा सोडवायचा. डोंगरातल्या दगडांवर सायकल कलली की विचार करायला सवड नसते. टाच आपोआप बाहेर झटकली गेली नाही तर माणूस सायकलसकट आडवा होतो.

"खाली बघू नकोस," गेथिन म्हणाला. "बुटाच्या तळाच्या चापाला बरोबर कळतं कुठे जायचं ते. नुसता पाय टाक आणि दाब."

"मी कुठे बघतोय," एम्लिन खाली बघत म्हणाला.

खट्. पाय अडकला. टाच झटकली, पाय सुटला. अकरा झाले.

गेथिनला आज आभाळ ठेंगणं झालं होतं. दोघं पोलादाच्या कारखान्यात एकाच पाळीचे फिटर होते, तेव्हापासूनचं हे पेडलांचं भांडण. पुढे एम्लिनने गेथिनच्या बहिणीशी, डेलिथशी लग्न केलं, कारखान्याची भट्टी थंड झाली, गेथिनने हे दुरुस्तीचं दुकान काढलं, दोघांची साठी उलटली, पण भांडण तसंच हिरवं राहिलं. दर रविवारी दोघं कोळशाच्या जुन्या ढिगाऱ्यामागून वर चढायचे. गेथिनचे बूट पेडलला अडकवलेले, एम्लिनचे सपाट पेडलवर मोकळे. खुंट्याला बांधतात ते गाईला, मी सायकलवर बसतो, हे एम्लिनचं ठरलेलं वाक्य. त्यावर गेथिन त्याच्या नडगीकडे बोट दाखवायचा. सपाट पेडलला पाय घसरू नये म्हणून लोखंडी खिळे असतात, आणि पाय घसरलाच तर तेच खिळे नडगीत घुसतात. एम्लिनच्या नडग्यांची चाळण झाली होती. जो आधी हार मानेल त्याने रग्बी क्लबातल्या बाकड्यावर उभं राहून सगळ्यांसमोर कबुली द्यायची, असं ठरून वीस वर्षं झाली होती.

आणि आज जेवणानंतर एम्लिन आला, तो आल्या आल्या म्हणाला, "बसव तुझी ती खटक्याची."

"आणि क्लबातलं बाकडं?"

"चढतो की."

तिथेच खरं तर गेथिनला शंका यायला हवी होती. वेल्सची टीम हरल्यावरही पंचाशी तासभर भांडणारा हा माणूस, एवढ्या सहज बाकड्यावर चढायला तयार झाला. पण जिंकलेल्याला शंका सुचत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी पाटीच्या दगडांच्या पायऱ्यांवर एम्लिनचा पाय पेडलवरून निसटला होता, नडगीला नऊ टाके पडले होते. आता तरी अक्कल आली, असं समजून गेथिन कामाला लागला. आज व्हॅन लावताना एम्लिनने दारातली डेलिथने लावलेली मोठी कुंडी आडवी केली होती. दुकान उघडल्यापासून ती तिथेच होती. असल्या जागी कुंडी कोण ठेवतं, असं वर त्यानेच विचारलं होतं, आणि गेथिनने हसत हसत माती झाडून घेतली होती.

बूट गेथिनचेच जुने होते, दोघांचं माप एक. त्यांना त्याने नवे चाप बसवून दिले होते.

"खटका अजून घट्ट कर," एम्लिन म्हणाला.

"नवखा आहेस. सैलच बरा."

"कर रे लेका. धरला तर नीट धरू दे."

पन्नास झाले. गेथिनच्या सांगण्यावरून एम्लिनने बूट घालूनच दुकानात चार फेऱ्या मारल्या. कुठे टोचतंय का, विचारल्यावर मखमल आहे मखमल, म्हणाला. मग तो बाकावर बसला आणि त्याने उजवा बूट काढला.

राखाडी मोजा चवड्याशी काळा झाला होता. गेथिनला आधी वाटलं, ओल असेल. मग थेंब फरशीवर पडला.

त्याने बुटात हात घातला आणि चटकन मागे घेतला. एका चापाचा स्क्रू बुटाचा तळ फोडून अर्धं बोट वर आला होता. तेव्हा त्याला आठवलं. एका स्क्रूचं डोकं झिजलेलं निघालं, म्हणून त्याने डब्यातून लांब स्क्रू काढून लावला होता, मागून कापू म्हणून. तेवढ्यात एक जोडपं तुटलेली साखळी घेऊन आलं आणि ते राहूनच गेलं. चाळीस वर्षं हातात पाना धरलेल्या माणसाने असली चूक करावी, याची त्याला लाज वाटली.

"अरे, बोलला का नाहीस? हे पहिल्या पावलालाच टोचलं असणार."

एम्लिन स्वतःच्या पायाकडे बघत होता, दुसऱ्या कुणाची तरी पडलेली वस्तू बघावी तसा. "आत्ताच लागलं असेल," तो म्हणाला.

गेथिनने मोजा उतरवला. ताज्या भोकाशेजारी एक जुनी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेली. तो गुडघ्यांवर बसून राहिला. गेथिन आणि डेलिथच्या आईची शेवटी साखर वाढली होती, तेव्हा तिचे पाय तपासायला नर्स घरी येऊन काय करायची ते त्याला आठवलं.

"डोळे मिट. कुठल्या बोटाला हात लावतोय सांग."

"हा काय पोरखेळ?"

"मिट."

एम्लिनने डोळे मिटले. बाहेर पाऊस पन्हळीतून वाहत होता.

"करंगळी," एम्लिन म्हणाला.

गेथिनचे दोन्ही हात अजून स्वतःच्याच मांडीवर होते.

मग एम्लिनने हळूहळू सगळं सांगितलं. दोन हिवाळ्यांपूर्वी सुरुवात झाली, पायात सतत ओला मोजा असल्यासारखं. नंतर तेही वाटेनासं झालं. डेलिथला त्याच्या साखरेचं ठाऊक होतं, पायांचं नव्हतं. तपासणीच्या दोन तारखा त्याने चुकवल्या होत्या, कारण नर्स काय म्हणणार ते त्याला तिच्याआधी कळलं होतं.

"सपाट पेडलवर पाय आहे की घसरलाय, ते बघितल्याशिवाय समजत नाही मला," तो म्हणाला. "पायाकडे बघितलं की वाट दिसत नाही. तुझं पेडल पाय धरून तरी ठेवतं. खट् वाजलं की कळतं, आहे जागेवर."

"आणि सोडवायची वेळ आली की?"

"पडेन. पडायची सवय आहे." मग तो थांबला. "डेलिथला सांगू नकोस. रविवार गेला तर मग काय राहिलं?"

गेथिनला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त शरम वाटली. या माणसाला तो बाकड्यावर उभा करायला निघाला होता. सांगणार नाही, असं तो म्हणाला. त्याने जखम धुतली, पट्टी बांधली, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं वचन घेतलं, आणि तो लांब स्क्रू पकडीत धरून कापायला घेतला. खालच्या सोप्या वाटेने जाऊ. मी पुढे राहीन, खटका अगदी सैल ठेवीन. हे चुकतंय हे त्याला कळत होतं, पण इतक्या रविवारांनंतर नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मागे एम्लिन आपले नेहमीचे बूट चढवत होता.

"निघतो. तीन वाजत आले. एफाची शाळा सुटेल."

एफा ही त्याची सात वर्षांची नात. तिची आई वृद्धाश्रमात पाळ्या करायची, म्हणून एफाला शाळेतून आणण्याचं काम एम्लिनचं.

करवत थांबली. गेथिनने काचेतून बाहेर पाहिलं. व्हॅनच्या पुढच्या चाकाला कुंडीतली माती अजून चिकटलेली होती.

"व्हॅनमध्ये कसं कळतं तुला?"

"काय?"

"पाय कुठल्या पेडलवर आहे ते."

एम्लिनने बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "इंजिनाच्या आवाजावरून," तो म्हणाला.

"ब्रेकला आवाज नसतो, एम्लिन."

गेथिनने हात पुसले आणि उजवा हात पुढे केला. तो तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने चावी त्याच्या तळहातावर आली, मुठीत धरून गरम झालेली.

गेथिन व्हॅनमध्ये बसला, तेव्हा त्याचा गुडघा कशाला तरी लागला. स्टिअरिंगच्या खाली, चिकटपट्टीने पक्का बांधलेला, सायकलचा छोटा दिवा होता. त्याच्याच दुकानातला. वसंतात एम्लिनने तो संध्याकाळच्या चढणीसाठी म्हणून नेला होता. गेथिनने बटण दाबलं. उजेड नेमका खालच्या तीन पेडलांवर पडला.

त्याने दिवा बंद केला. एम्लिन शेजारी, खिडकीकडे तोंड करून बसला होता. गेथिनने व्हॅन शाळेच्या दाराशी नेली.

एफा भिजलेलं दप्तर घेऊन आली, आजोबांच्या मांडीवरून चढून मधल्या सीटवरच्या उंच गादीवर बसली आणि पट्टा तिने स्वतःच लावला.

"अंकल गेथिन, आज तुम्ही चालवणार?"

"हो."

"मग मी काय करू?"

"का? रोज काय करतेस?"

"दादकी खाली बघतात ना, तेव्हा मी समोर बघते," ती म्हणाली. आजोबांना ती दादकीच म्हणायची. "लाल लागला की सांगते. परवा कुत्रा आला, तेव्हा पण मीच सांगितलं. हो ना, दादकी?"

एम्लिनने तिच्या टोपीवरचं पाणी हाताने निपटलं. हो, एवढंच म्हणाला.

गेथिनने गाडी काढली. चॅपेलच्या वळणावर घराचा रस्ता डावीकडे होता. त्याने उजवीकडे, डेलिथ काम करायची त्या औषधाच्या दुकानाकडे वळवली. एम्लिनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खिडकीबाहेर. अडवलं मात्र नाही.

पुलाजवळ गेथिनने ब्रेक दाबला आणि व्हॅन हळूच थांबली. एफा पाठ ताठ करून, दोन्ही हात समोर टेकवून रस्त्याकडेच बघत होती.

"लाल," ती म्हणाली.