काट्यावरून न उतरलेली रुद्रम्मा

भालकीच्या रुद्रम्मानं लेक गौरम्मा दिल्लीला दिली होती. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात जावयाची तार आली, की गौरम्माच्या पोटाचं ऑपरेशन आहे, लगेच या. रेल्वेनं दोन रात्री वाटेतच जाणार होत्या. मुलगा सोमशेखर म्हणाला, "अव्वा, हैदराबादहून विमान जायलंय. सकाळी बसलं की सांजच्याला दिल्ली." जागा एकच मिळाली. बीदरच्या पलीकडं कधी न गेलेली रुद्रम्मा एकटी जायला तयार झाली.

विमानतळावर माणसं आणि सामान, दोन्ही मोठ्या काट्यावर जोखत होते. रुद्रम्मा गाठोडं घेऊन काट्यावर चढली. तेवढ्यात कंपनीचा बाबू सोमशेखरला हळूच म्हणाला, "विमानाचं वजन जास्त झालंय. अम्मांना परवाच्या विमानानं पाठवा."

सोमशेखर गाठोडं घ्यायला पुढं आला. रुद्रम्मानं ते सोडलं नाही. दारातून हमाल आंब्यांच्या पाट्या विमानाकडं नेत होते.

"त्या कुणाच्या?" तिनं विचारलं.

"जहागीरदार साहेबांच्या," बाबू म्हणाला. " दिल्लीत त्यांच्या पाहुण्यांकडं लग्न आहे."

"माझ्या लेकीचं पोट कापायलेत, आन् आंबे आधी जायचे?"

"आंबे नासतात, अम्मा. तुम्ही रेल्वेनंही जाऊ शकता."

रुद्रम्माला संताप आला. आवाज मात्र चढला नाही. "म्हंजी एका दिवसाची वाट आंब्याला, आन् दोन रातीची मला, व्हय? मी न्हाई उतरत." आणि ती काट्यावरच मांडी घालून बसली.

आता कुणाचंच सामान जोखता येईना. बाबूनं आधी विनवलं, मग पोलिसाची भीती घातली. "अव्वा, चल, लोक बघायलेत," सोमशेखर म्हणाला.

"बघू दे की. तू कामून खाली बघायलास?"

खोळंबलेले प्रवासी कुरकुरू लागले. शेवटी विमान चालवणारा साहेब स्वतः आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाट्यांकडं पाहिलं आणि बाबूला म्हणाला, "उतरवा त्या."

नागपूरला, भोपाळला विमान थांबलं. बाकीचे पाय मोकळे करायला उतरले. रुद्रम्मा तहानेनं घसा कोरडा पडला तरी जागेवरून हलली नाही. कुणी परत जागा घेतली तर?

दिवस कलताना ती दवाखान्यात पोचली. ऑपरेशन सकाळीच झालं होतं. गौरम्मा ग्लानीत होती, पण आईचा हात तिनं ओळखला आणि घट्ट धरून ठेवला.

चार दिवसांनी रुद्रम्मानं तिला ही हकीकत सांगितली. गौरम्मा टाक्यांवर हात दाबून हसायला लागली. जावईही हसले.

रुद्रम्मा हसली नाही. "ह्यात हसण्यासारखं काय हाय? साहेब आला म्हणून मी आले. न्हाई आला असता तर त्यांनी मला उचलून बाहेर ठेवलं असतं, आन् आंबे दिल्लीत पोचले असते."

मग लेकीला पाणी पाजताना ती पुन्हा म्हणाली, "रेल्वेनं जा म्हणाला मला त्यो बाबू."